इम्प्लांटच्या सुरकुत्या दिसतात? नवा इम्प्लांट निवडण्याआधी हे तपासा

स्तनांमध्ये इम्प्लांट बसवून घेतलेल्या बायका दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा रिपलिंगची तक्रार हमखास असते. इम्प्लांटच्या कवचाला घड्या पडतात आणि त्या त्वचेवरून दिसतात किंवा हाताला लागतात, त्याला आम्ही रिपलिंग म्हणतो. पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "डॉक्टर, कोणत्या कंपनीचा टाकला म्हणजे हे होणार नाही?" कंपनी हा या सगळ्यातला शेवटचा प्रश्न आहे. इम्प्लांटवर तुमच्या स्वतःच्या त्वचेचं, चरबीचं आणि स्तनग्रंथीचं आच्छादन किती जाड आहे, हा पहिला. घडी जगातल्या कुठल्याही इम्प्लांटला पडते. ती गोधडीखाली कळत नाही, पातळ चादरीखाली कळते.

म्हणून खाली आधी लक्षणं दिली आहेत. मग तपासण्या, फुकटच्या आधी आणि महागड्या शेवटी. शस्त्रक्रिया अजून झालेली नसेल आणि पहिलाच इम्प्लांट निवडायचा असेल, तर लक्षणं वाचून थेट चौथ्या तपासणीवर गेलात तरी चालेल.

लक्षणं

- पुढे वाकल्यावर क्लीव्हेजजवळ किंवा स्तनाच्या वरच्या भागात उभ्या रेषा उमटतात. सरळ झालं की जातात.
- उभं असताना वरच्या भागात खळगा किंवा लाट दिसते. पाठीवर झोपल्यावर नाहीशी होते.
- काखेकडच्या बाजूला आणि खाली, ब्राच्या पट्टीजवळ, बोटांना कडक घडी लागते. आरशात काहीच दिसत नाही.
- दिवा समोर असताना सगळं गुळगुळीत, बाजूने उजेड आला की लाटा.
- शस्त्रक्रियेनंतर काही महिने काही नव्हतं. सूज उतरली किंवा वजन घटलं तसं दिसायला लागलं.
- एकाच बाजूला, अचानक, आणि त्या बाजूचा आकारही लहान झालेला.

शेवटचं लक्षण बाकीच्यांच्या पंक्तीतलं नाही. ते असेल तर पुढचं सगळं सोडून सहाव्या तपासणीवर जा.

हाताला लागणं आणि डोळ्यांना दिसणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, हेही इथेच सांगते. सडपातळ बाईला खालच्या आणि बाहेरच्या कडेला इम्प्लांट हाताला लागतोच. तिथे शरीराचं आच्छादन मुळात सर्वांत पातळ असतं. नुसत्या हाताला लागणाऱ्या घडीसाठी मी सुरी हातात घेत नाही. ती घालवायला म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेत जितकं सुधारतं, त्याहून जास्त बिघडू शकतं.

रिपलिंगसारखं दिसणारं, पण रिपलिंग नसलेलं

दोन्ही तळहात छातीसमोर जोडा आणि जोरात दाबा. दाबल्यावरच आकार बदलत असेल, स्तन वर किंवा बाहेर ओढला जात असेल, आणि हात सोडल्यावर पूर्ववत होत असेल, तर तो स्नायूच्या आकुंचनाचा परिणाम आहे. इम्प्लांट स्नायूखाली असला की हे होतं. त्यावर इम्प्लांट बदलून काही उपयोग नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत स्तनाच्या खाली पोटाकडे जाणारी ताणलेली दोरी दिसली, हात वर केल्यावर ती आणखी उठून आली, दुखलीही, तर बहुधा वरवरच्या शिरेला आलेली सूज असते. मोंडोर या नावाने ती ओळखली जाते आणि काही आठवड्यांत आपोआप जाते.

स्तनाच्या खालच्या भागात आडवी, कायमची रेषा असेल आणि तिच्याखाली दुसरा फुगवटा दिसत असेल, तर इम्प्लांट स्तनाच्या खालच्या कडेच्या मूळ घडीखाली उतरलेला असतो. तेही रिपलिंग नव्हे.

आणि हे नीट वाचा. रिपलिंगची रेषा शरीराची स्थिती बदलली की बदलते. उभं, आडवं, वाकलेलं, कसंही राहिलं तरी त्याच जागी तशीच राहणारी खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा किंवा नवी गाठ ही रिपलिंगच्या खात्यात टाकू नका. "इम्प्लांटचीच घडी असेल" म्हणून महिने घालवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. अशा वेळी पुढच्या तपासण्या करत बसायचं नाही. आधी डॉक्टर आणि सोनोग्राफी.

पहिली तपासणी: इम्प्लांट कार्ड

शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला एक कार्ड किंवा स्टिकर लावलेला कागद मिळालेला असतो. त्यावर कंपनी, मॉडेल, आकारमान सीसीमध्ये, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, आणि लॉट व सिरियल नंबर असतो. तो शोधा. नसेल तर शस्त्रक्रिया झाली त्या दवाखान्याकडून ऑपरेशन नोट्सची प्रत मागा. तुमची स्वतःची कागदपत्रं मागताना संकोच कशाला?

ही तपासणी पहिली, कारण फुकट आहे आणि पुढचं बरंचसं कोडं तिथेच सुटतं. सलाइन इम्प्लांट असेल तर रिपलिंगची शक्यता मुळातच जास्त, कारण खारं पाणी घरंगळतं आणि कवच मोकळं सोडतं. कवच ठरावीक किमान मर्यादेपेक्षा कमी भरलेलं असेल तर कारण जवळजवळ सापडलंच. किती सीसी भरलं हे नोट्समध्ये लिहिलेलं असतं. ते मॉडेलच्या मर्यादेशी ताडून बघा. कमी भरलेल्या कवचाची घडी पुन्हा पुन्हा त्याच जागी पडते, ती जागा झिजते आणि शेवटी तिथूनच पाणी गळायला लागतं. त्यामुळे ही गोष्ट फक्त दिसण्यापुरती नाही.

खरखरीत पृष्ठभागाचा इम्प्लांट असेल तर आणखी दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, खरखरीत कवच भोवतीच्या कॅप्सूलला, म्हणजे शरीराने इम्प्लांटभोवती तयार केलेल्या आवरणाला, चिकटतं आणि वाकल्यावर त्वचेला आतून ओढतं. क्लीव्हेजजवळच्या रेषांचं हे नेहमीचं कारण आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खरखरीत इम्प्लांटभोवतीच्या कॅप्सूलमध्ये लिम्फोमाचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाचा, एक दुर्मीळ प्रकार होऊ शकतो. याच कारणाने अॅलर्गन कंपनीने जुलै 2019 मध्ये बायोसेल पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले. तुमच्या कार्डवर ते नाव असेल आणि काहीही त्रास नसेल, तर घाबरून ते काढून घ्यावेत असा सल्ला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनेही दिलेला नाही. पण आपल्या छातीत काय आहे हे माहीत असायला हवं, आणि पुढे सूज आली तर वेळ दवडायची नाही.

दुसरी तपासणी: आरसा, बाजूचा उजेड, चार स्थिती

खोलीतला वरचा दिवा बंद करा आणि एका बाजूने उजेड घ्या. सरळ उभं राहून, कमरेत वाकून, पाठीवर झोपून आणि हात डोक्यावर घेऊन, प्रत्येक स्थितीत फोटो काढा. फोटो स्वतःसाठी ठेवा, कुणाला पाठवायची गरज नाही. पण डॉक्टरांकडे जाताना फोनमध्ये असू द्या. तपासणीच्या खोलीतल्या लख्ख समोरच्या उजेडात रिपलिंग पुष्कळदा दडून बसतं आणि बाई "इथे दिसतच नाहीये" म्हणून ओशाळते.

कुठे दिसतं यावरून कारण कळतं. फक्त वाकल्यावर, आतल्या बाजूला: ओढ किंवा पातळ आच्छादन. उभं असताना वरच्या भागात: जेल किंवा पाणी खाली उतरून वरचं कवच मोकळं पडलंय. काखेच्या बाजूला: इम्प्लांट तुमच्या स्तनापेक्षा रुंद आहे, किंवा त्या कडेला मुळात झाकायला काही नाही. स्नायूखाली इम्प्लांट असलेल्या बायकांना या तिसऱ्या जागेचं फार आश्चर्य वाटतं. "स्नायूखाली टाकला होता ना, मग?" छातीचा मोठा स्नायू इम्प्लांटचा वरचा आणि आतला भाग झाकतो. खालचा बाहेरचा कोपरा तो झाकत नाही. तिथे इम्प्लांट आणि जग यांच्यामध्ये फक्त त्वचा आणि थोडी चरबी असते.

तिसरी तपासणी: तारीख आणि वजन

शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झाले नसतील तर थांबा. सुरुवातीची सूज घड्या झाकते, ती उतरली की घड्या वर येतात, आणि इम्प्लांट खाली उतरून स्थिरावायला तीन ते सहा महिने जातात. या काळात रोज आरसा बघून काही ठरवू नये. मलाही काही ठरवता येत नाही.

दरम्यान वजन किती हललं ते लिहून काढा. स्तनावरची चरबी ही रिपलिंगविरुद्धची तुमची पहिली ढाल असते, आणि वजन झपाट्याने उतरवलं की ती सर्वांत आधी जाणाऱ्यांपैकी असते. शस्त्रक्रियेनंतर जोरात डाएट केलं आणि मग लाटा दिसू लागल्या, ही गोष्ट मला इतक्या जणींनी सांगितली आहे की आता मी ती आपणहून विचारते. थोडं वजन परत आलं तर कधी कधी रिपलिंग कमी होतं. पण चरबी छातीवरच येईल अशी हमी शरीर देत नाही. नवा इम्प्लांट निवडायचा असेल तर मात्र वजन काही महिने स्थिर हवं. हलत्या वजनावर घेतलेलं माप चुकतं.

मूल झालं असेल, दूध पाजून झालं असेल, तर स्तनग्रंथी आटलेली असते. दूध थांबल्यापासून साधारण सहा महिने जाऊ द्या, मग माप घ्या.

मसाज आणि क्रीम यांनी कवचाची घडी जात नाही. छातीच्या व्यायामानेही नाही. दुकानात जे मिळतं त्यातली एकच गोष्ट खरंच उपयोगी पडते: नीट मापाची, बाजूने आधार देणारी ब्रा. तक्रार फक्त बाजूच्या रेषांची असेल तर कित्येकींचं काम तिथेच भागतं, आणि भागलं तर मला आनंदच आहे.

चौथी तपासणी: चिमटा

या यादीतली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. स्तनाच्या वरच्या भागात, कॉलरबोन आणि स्तनाग्राच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीमध्ये त्वचा आणि खालची चरबी-ग्रंथी पकडा. स्नायू चिमटीत येऊ देऊ नका. चिमटीची जाडी किती भरली? डॉक्टर हे कॅलिपरने मोजतात. घरी पट्टीवर अंदाज येतो. इम्प्लांट आधीच असेल तर त्याच्या वरच्या कडेच्या अगदी वर पकडा, इम्प्लांटसकट नव्हे.

2 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर तुमचं आच्छादन पातळ आहे. हा 2 सेंटिमीटरचा आकडा प्लास्टिक सर्जन कित्येक वर्षं वापरत आलेत. त्याहून कमी असेल तर इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली ठेवणं शहाणपणाचं, असा सर्वसाधारण नियम आहे. जाडी चांगली असेल तर ग्रंथीखाली ठेवलेला इम्प्लांटही गुळगुळीत दिसतो आणि स्नायूच्या हालचालीचा त्रासही होत नाही.

कर्करोगामुळे स्तन काढून पुनर्रचना झालेल्या बायकांची गोष्ट निराळी आहे. तिथे ग्रंथी गेलेली असते, उरते त्वचा आणि तिच्याखालचा चरबीचा पातळ थर. रेडिएशन झालं असेल तर तीही आक्रसलेली. अशा छातीवर रिपलिंग होण्याची शक्यता कुठल्याही इम्प्लांटने बरीच जास्त असते. त्यात शस्त्रक्रियेचा दोष असेलच असं नाही. त्यांनी पुढचा भाग आपापल्या सर्जनसोबत वाचावा.

पाचवी तपासणी: खिसा कुठे आहे

खिसा म्हणजे इम्प्लांट ठेवायला शरीरात केलेली जागा. ऑपरेशन नोट्समध्ये इम्प्लांट ग्रंथीखाली, स्नायूच्या आवरणाखाली, स्नायूखाली की ड्युअल प्लेनमध्ये ठेवला ते लिहिलेलं असतं. ड्युअल प्लेन म्हणजे वरचा भाग स्नायूखाली, खालचा ग्रंथीखाली.

चिमटा पातळ आणि इम्प्लांट ग्रंथीखाली, ही जोडी दिसली की मला पुढचं बहुतेक कळतं. अशा वेळी फक्त इम्प्लांट बदलून भागेल असं कुणी सांगितलं तर दुसरं मत घ्या. जुन्या खिशात तितकाच मोठा, नव्या नावाचा इम्प्लांट ठेवला तर वर्षभराने तीच बाई तेच फोटो घेऊन परत येते.

सहावी तपासणी: सोनोग्राफी, लागली तर एमआरआय

आता खर्च सुरू होतो. सलाइन इम्प्लांट गळला तर डोळ्यांनीच कळतं: काही दिवसांत एक बाजू लहान होते आणि सुरकुत्या उमटतात. तिथे एमआरआयची गरज नसते. सिलिकॉन जेलचं कवच फाटलं तर बाहेरून काहीच कळू नये, हेही शक्य असतं. आकार तसाच, दुखणं नाही. म्हणून सिलिकॉन इम्प्लांट असलेल्यांसाठी एफडीएचा सल्ला असा: त्रास नसला तरी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय शस्त्रक्रियेनंतर 5 ते 6 वर्षांनी, आणि पुढे दर 2 ते 3 वर्षांनी. रिपलिंग नव्याने दिसू लागलं असेल तर ही तपासणी आधीच करून घ्या. फाटलेल्या इम्प्लांटवर चरबी भरून रेषा झाकण्यात काय अर्थ आहे?

सोनोग्राफी करणाऱ्याला "इम्प्लांट आहे, घडी आणि गळती दोन्ही बघायचं आहे" हे स्पष्ट सांगा. आत वळलेली घडी आणि फाटलेलं कवच पडद्यावर नवख्या डोळ्याला सारखं दिसू शकतं. मॅमोग्राफीच्या वेळीही इम्प्लांट असल्याचं आधी सांगायचं, म्हणजे तो मागे सारून जादा फोटो घेता येतात.

आता इम्प्लांटची निवड

इथवर आलात, कवच शाबूत आहे, वजन स्थिर आहे, सहा महिने उलटलेत आणि रेषा खरोखर डोळ्यांना दिसतात. किंवा पहिलाच इम्प्लांट घ्यायचा आहे आणि चिमटा पातळ आहे. मग निवड करताना मी या क्रमाने जाते.

रुंदी. स्तनाच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी मोजायची, त्यातून दोन्ही कडांच्या उतींची जाडी वजा करायची, आणि उरलेल्या आकड्याच्या आतला इम्प्लांट घ्यायचा. स्तनाची रुंदी 12.5 सेंटिमीटर असताना 13.5 सेंटिमीटरचा इम्प्लांट टाकला तर त्याची पातळ कडा ग्रंथीच्या बाहेर जाते आणि नुसत्या त्वचेखाली येऊन बसते. रिपलिंग तिथे दिसणारच. आतल्या बाजूची दरी बुजवायला म्हणून रुंद इम्प्लांट मागितला जातो, तेव्हा मी हा आकडा कागदावर लिहून दाखवते.

आकारमान. हा सगळ्यात नावडता मुद्दा. मोठा इम्प्लांट वर्षानुवर्षं त्याच्यावरची त्वचा ताणतो, ग्रंथी पातळ करतो, आणि जे आच्छादन घडी झाकणार होतं तेच खाऊन टाकतो. ते परत येत नाही. म्हणून पातळ चिमट्यावर मी लहान आकार सुचवते आणि पहिल्या भेटीत बहुतेकींना तो पटत नाही. इंटरनेटवरचा "आफ्टर" फोटो तीन महिन्यांचा असतो. आठ वर्षांनंतरचा फोटो कुणी टाकत नाही.

भरण. सलाइनपेक्षा सिलिकॉन जेल घडी कमी दाखवतं. जेलमध्येही जितकं घट्ट, चिकट जेल, तितकं कवच आकार धरून ठेवतं. कापलं तरी न वाहणाऱ्या जेलला लोक गमीबेअर म्हणतात. पण ते हाताला जरा कडक लागतं आणि आत घालायला छेद मोठा लागतो. एकाच कंपनीच्या एकाच घट्टपणाच्या जेलमध्येसुद्धा कवच किती भरलंय यात फरक असतो, आणि रिपलिंगसाठी हा फरक फार मोलाचा. तो तपासायची सोपी युक्ती आहे. दवाखान्यात नमुना इम्प्लांट हातात देतात तेव्हा तो तळहातावर आडवा ठेवून दाबत बसू नका. वरच्या कडेला दोन बोटांत हलकेच आधार देऊन उभा धरा, जसा तो तुम्ही उभ्या असताना छातीत असेल. जेल खाली उतरतं. वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये कवच आत दबतं का, चुणी पडते का, ते बघा. दोन मॉडेल शेजारी शेजारी असे धरले की फरक लगेच कळतो. नमुन्याला जिथे चुणी पडते, तिथेच ती तुमच्या अंगावर पडणार. मग ती झाकायला चिमटा जाड हवा.

सलाइनच घ्यायचं असेल तर ते कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे भरणं बरं. मर्यादा ओलांडून ठासून भरू नये. तसं केलं की कडेला झालरीसारख्या वळ्या येतात आणि स्तन चेंडूसारखा लागतो.

प्रोफाइल, म्हणजे इम्प्लांट पुढे किती उंच येतो. एकाच आकारमानात उंच प्रोफाइलचा इम्प्लांट अरुंद आणि जास्त ताठ असतो, कवच ताणलेलं राहतं, घडी कमी. सपाट, रुंद प्रोफाइलची कडा पातळ असते आणि ती दिसते. पण उंच प्रोफाइल गोलसर, ठळक दिसतो आणि मागच्या-पुढच्या उतींवर दाब जास्त देतो. म्हणून तो रुंदीच्या मापात बसवून आणि आकारमान आटोक्यात ठेवूनच घ्यायचा, नाहीतर एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जातं.

पृष्ठभाग. रिपलिंग हाच मुख्य प्रश्न असेल तर मी गुळगुळीत घेते. कवच चिकटत नाही, त्यामुळे ओढही नाही, आणि वर सांगितलेल्या लिम्फोमाचा प्रश्नही बहुतांशी टळतो. थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट खिशात फिरू नयेत म्हणून खरखरीत असतात. ते हवे असतील तर हा सौदा समजून करायचा.

इम्प्लांट सोडून बाकीचे उपाय

खिसा बदलणे. ग्रंथीखालून ड्युअल प्लेनमध्ये नेलं की वरच्या आणि आतल्या रेषा बहुतेक झाकल्या जातात. बाहेरच्या नाहीत. लहान इम्प्लांट घेत असाल तर जुना मोठा खिसा शिवून आवळावा लागतो, नाहीतर लहान इम्प्लांट आत हिंडतो आणि पुन्हा घड्या पडतात.

फॅट ग्राफ्टिंग. मांडीची किंवा पोटाची चरबी काढून त्वचा आणि कॅप्सूल यांच्यामध्ये बारीक सुईने पेरायची. माझ्या मते पातळ आच्छादनावरचा सर्वांत थेट उपाय हाच, कारण तो मूळ कारणावर जातो. पण पेरलेली सगळी चरबी टिकत नाही, काही भाग विरघळतो, म्हणून तीन महिन्यांनी पाहायचं आणि गरज लागली तर पुन्हा करायचं. कधी तेलाच्या छोट्या गाठी होतात, कधी मॅमोग्राफीत कॅल्शियमचे ठिपके दिसतात; तसं झाल्यास ते चरबीचेच आहेत हे कळायला जुने अहवाल जपून ठेवा. यातली विनोदी अडचण अशी, की ज्यांना चरबीची सगळ्यात जास्त गरज असते, त्यांच्याच अंगावर काढण्याजोगी चरबी नसते. आणि सिगारेट ओढत असाल तर आधी ती बंद. धुरात चरबी जगत नाही, टाकेही नीट भरत नाहीत.

डर्मल मॅट्रिक्स किंवा जाळी. दान केलेल्या त्वचेपासून केलेला पेशीविरहित पडदा इम्प्लांटवर शिवतात. पुनर्रचनेत याचा वापर बराच होतो. महाग आहे, आणि जंतुसंसर्ग व पाणी साचण्याचा धोका वाढू शकतो. आधीचे उपाय थकल्यावर.

इम्प्लांट काढून टाकणे. हाही उपायच आहे. त्याला हार समजणाऱ्या बायका मला खूप भेटतात. मी समजत नाही.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

खालचं काहीही असेल तर पुढची घरगुती तपासणी नको. कंसात घाई किती ते दिलं आहे.

- ताप, लाली, छातीला गरम लागणं, जखमेतून स्राव (त्याच दिवशी).
- एक बाजू अचानक लहान झाली (आठवड्याच्या आत).
- शस्त्रक्रियेला वर्ष किंवा जास्त झाल्यावर एका बाजूला नव्याने सूज आली, मग दुखत नसली तरी (आठवड्याच्या आत, सोनोग्राफी करून साचलेलं पाणी तपासायला पाठवतात, आणि त्यात सीडी 30 ही वर सांगितलेल्या लिम्फोमासाठीची चाचणी आवर्जून मागायची).
- स्तन घट्ट होत चाललाय, वर सरकतोय, दुखतोय (काही आठवड्यांत, हे कॅप्सूल आवळण्याचं लक्षण, आणि अशा वेळी दिसणारी घडी रिपलिंगच्या उपायांनी जात नाही).
- स्थिती बदलूनही न हलणारी खळी, गाठ, स्तनाग्रात बदल, स्तनाग्रातून रक्त (लगेच, शक्यतो स्तनाच्या तज्ज्ञाकडे).

बाहेरून दाबून कॅप्सूल "फोडून" देतो किंवा क्लिनिकमध्ये बसल्या बसल्या सुईने सलाइन भरून देतो असं कुणी म्हटलं तर उठून या. बंद इम्प्लांटमध्ये त्वचेतून सुई घालणं म्हणजे गळती विकत घेणं.

डॉक्टरांकडे जाताना इम्प्लांट कार्ड, ऑपरेशन नोट्स, बाजूच्या उजेडातले फोटो, वर्षभरातलं वजन आणि जुने सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी अहवाल घेऊन जा. तिथे आधी तीन आकडे विचारा: माझा वरचा चिमटा किती, स्तनाची रुंदी किती, आणि तुम्ही सुचवताय त्या इम्प्लांटची रुंदी किती. सर्जनने कॅलिपर आणि टेप न काढता थेट कॅटलॉग उघडला, तर दुसऱ्या सर्जनची वेळ घ्या.